सोरायसिस आहे आणि सांधेही दुखताहेत? सुरुवातीच्या महिन्यांत काय काय करायचं

सोरायसिस असलेल्या माणसाची टाच, बोट किंवा कंबर महिनाभर दुखत राहिली, तर ते दुखणं त्वचेच्या डॉक्टरांना सांगायचं. एवढं एक वाक्य मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझ्या उजव्या पायाचं दुसरं बोट आज सरळ असतं. मी शाळेत गणित शिकवते. डोक्यातल्या पापुद्र्यांना मी आठ वर्षं कोंडा म्हणत होते. टाचेचं हाड वाढलंय म्हणून दोन वर्षं मऊ चपला घालत होते. त्वचेची फाइल वेगळी आणि हाडांची वेगळी, दोन्ही एकाच कपाटात. त्या दोन फायलींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या मनात आलं नाही, आणि मला तपासणाऱ्यांपैकीही कुणी विचारलं नाही.

या आजाराचं नाव सोरायटिक आर्थ्रायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती बिथरते आणि स्वतःच्याच त्वचेवर, सांध्यांवर आणि स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतात त्या जागांवर दाह निर्माण करते. सोरायसिस असलेल्यांपैकी सगळ्यांना तो होत नाही. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये प्रमाण वेगवेगळं आलं आहे, पण जास्तीत जास्त तिघांतल्या एकाला असं धरून चाला. बहुतेकांना आधी त्वचेचा त्रास होतो आणि सांध्यांचा काही वर्षांनी, अनेकदा आठ-दहा वर्षांनी. थोड्या लोकांत मात्र उलटं होतं, आधी सांधे आणि मग चट्टे. साधारण तिशी ते पन्नाशी हे वय, आणि बायका-पुरुष सारखेच. हा आजार संसर्गजन्य नाही, त्वचेचाही नाही आणि सांध्यांचाही नाही.

चट्टे किती मोठे आहेत यावरून सांध्यांचा अंदाज बांधता येत नाही. अंगभर सोरायसिस असून सांधे ठणठणीत असलेली माणसं आहेत, आणि कानामागे रुपयाएवढा एकच चट्टा असून बोटं वाकडी झालेलीही आहेत.

पहिलं काम: स्वतःला नीट बघा

दिवसाउजेडी, खिडकीजवळ बसा. सुरुवात नखांपासून करा.

नखांवर सुईच्या टोकाने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का? शिंपी बोटात घालतो त्या अंगुस्तान्यासारखं नख दिसतं का? नख टोकाकडून सुटून पांढरं-पिवळं झालंय का? नखाखाली तेलाचा थेंब पडल्यासारखा तांबूस डाग आहे का? पायाचं नख जाड होऊन त्याखाली भुसा साठतो का? हे सगळं सोरायसिसचं असू शकतं. आपल्याकडे याला सरसकट बुरशी म्हणून महिनोन्‌महिने औषध दिलं जातं. बुरशी असतेही, पण नखाचा भुसा तपासल्याशिवाय ते ठरवता येत नाही.

नखांवर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. बोटाच्या टोकाजवळचा जो शेवटचा सांधा, त्याला सरळ करणारा स्नायूबंध पुढे जाऊन नखाच्या मुळाशीच गुंफलेला असतो. नख आणि तो सांधा शेजारी नाहीत, एकाच दोरीला बांधलेले आहेत. म्हणून ज्यांच्या नखांत सोरायसिस आहे त्यांना सांध्यांचा त्रास होण्याचा धोका जास्त, आणि सांध्यांचा आजार असलेल्या बहुसंख्य लोकांची नखं बिघडलेली सापडतात. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवाताच्या दुसऱ्या प्रकारात सहसा सुटून जाणारा हा टोकाचा सांधा या आजारात मात्र वरचेवर धरतो.

आता लपलेल्या जागा. डोक्याची त्वचा, केसांची कड, कानामागे, बेंबी, नितंबांमधली फट. लाजेने आपण या जागा डॉक्टरांना दाखवत नाही. पण डोक्यातला आणि नितंबांमधला सोरायसिस ज्यांना आहे, त्यांनी सांध्यांकडे जास्त लक्ष ठेवायला हवं. साडी नेसणाऱ्या बायकांनी परकराच्या नाडीची जागाही बघावी. त्वचेवर जिथे घासतं, कापतं, दाबतं तिथे सोरायसिस उमटतो, आणि नाडीचा वळ ही त्यासाठी अगदी हमखास जागा. शरीराच्या आतही असंच काहीसं होत असावं असं तज्ज्ञ मानतात. जिथे स्नायूबंध हाडाला ओढतो, तिथे रोजचा ताण पडतो आणि तिथेच दाह सुरू होतो. टाच हे त्याचं ठळक उदाहरण.

टाचेचा मागचा भाग, जिथे पोटरीची जाड शीर हाडाला मिळते, तो दाबून बघा. मग तळवा. मग कोपराची बाहेरची बाजू, गुडघ्याच्या वाटीखालची जागा, छातीच्या फासळ्या जिथे मधल्या हाडाला जुळतात ती जागा. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावलं लंगडत टाकावी लागतात का?

बोटांकडे बघा. हाताचं किंवा पायाचं एखादं बोट, फक्त सांध्याशी नाही तर मुळापासून टोकापर्यंत अख्खं सुजून केळ्यासारखं झालं होतं का? कधी काळी झालं असेल आणि आपोआप उतरलं असेल, तरी ते मोजायचं. माझं पायाचं बोट असंच सुजलं होतं. दाराला ठेचलं असेल असं मी स्वतःला सांगितलं. दार कधी लागलं होतं ते आठवत नव्हतं, तरीही.

पाठ आणि कंबर यांचं वेगळं आहे. ओझं उचलून धरलेली कंबर विश्रांतीने बरी होते. दाहाची कंबर विश्रांतीने बिघडते. पहाटे तीन-चार वाजता दुखण्याने जाग येते, उठून चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ अंग जखडलेलं असतं, आणि दुखणं चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झालेलं असतं. असं असेल तर 'गादी बदला' या सल्ल्यावर थांबू नका.

शेवटी डोळे. एक डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं, तर डोळे आलेत असं समजून गुलाबपाणी घालायचं नाही. डोळ्याच्या आतल्या भागाचा दाह याच कुटुंबातला आहे. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायचं, कारण दृष्टी जाऊ शकते.

दुसरं काम: पाच प्रश्नांची चाचणी

इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी सोरायसिसच्या रुग्णांसाठी एक छोटी प्रश्नावली तयार केली आहे. नाव पेस्ट (PEST). ती घरी सोडवता येते. माझ्या शब्दांत प्रश्न असे:

१. तुमचा एखादा सांधा कधी सुजला होता का?
२. तुम्हाला संधिवात आहे असं कधी डॉक्टरांनी सांगितलंय का?
३. हाताच्या किंवा पायाच्या नखांवर खड्डे आहेत का?
४. टाच दुखते का?
५. हाताचं किंवा पायाचं अख्खं बोट काही कारण नसताना सुजून दुखलं होतं का?

तीन किंवा जास्त 'हो' आले, तर संधिवाततज्ज्ञांकडे जायचं. दोनच आले आणि दुखणं चालूच असेल तरी मी जा म्हणेन. ही चाचणी निदान करत नाही, फक्त दार दाखवते. शिवाय कंबरेचा प्रश्न तिच्यात नाही, तो तुम्ही स्वतःहून जोडा.

तिसरं काम: आठ दिवसांची वही

डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण 'सगळंच दुखतं' म्हणतो. त्यातून त्यांना काही हाती लागत नाही. आठ दिवस रोज चार ओळी लिहा: सकाळी उठल्यापासून मूठ पूर्ण आवळता यायला किती मिनिटं लागली, कोणता सांधा, रात्री जाग आली का, कोणती गोळी घेतली आणि किती वेळ पुरली. मी लिहिलं होतं, 'भाकरी थापता आली नाही, ९ वाजता आली.' त्या एका ओळीवर डॉक्टर थांबले. सुजलेल्या बोटाचे आणि चट्ट्यांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. भेटीच्या दिवशी सूज हमखास उतरलेली असते, निदान माझी तरी असायची.

चौथं काम: योग्य माणसाकडे जा, आणि दोघांना एकमेकांचं सांगा

या आजाराचा डॉक्टर म्हणजे र्‍हुमॅटॉलॉजिस्ट, संधिवाततज्ज्ञ. हाडांचे डॉक्टर वेगळे, ते मोडतोड आणि शस्त्रक्रिया बघतात. मुंबईत केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यासारख्या मोठ्या शहरांत खाजगी तज्ज्ञ बरेच आहेत. तालुक्याच्या गावी ते मिळत नाहीत हे खरं. तिथे एम.डी. मेडिसिन डॉक्टर किंवा तुमचे त्वचारोगतज्ज्ञ सुरुवात करून देऊ शकतात, आणि दर तीन-चार महिन्यांनी एकदा शहरात जाऊन दाखवता येतं. पहिली भेट मात्र लांब पडली तरी तज्ज्ञांकडेच घ्या.

उशीर का करू नये, तर आयर्लंडमधल्या रुग्णांच्या एका अभ्यासात दिसलं की लक्षणं सुरू झाल्यापासून तज्ज्ञांपर्यंत पोचायला सहा महिन्यांहून जास्त वेळ लागलेल्यांची हाडं पुढे जास्त झिजलेली होती आणि त्यांना रोजची कामंही जास्त जड जात होती. हाड एकदा कुरतडलं गेलं की ते औषधाने भरून येत नाही.

जाताना नेलपॉलिश काढून जा, मेंदीही त्या महिन्यात लावू नका. मोजे चटकन काढता येतील असं काहीतरी पायात घाला. डोक्यात तेल नको. आणि पहिल्याच वाक्यात सांगा: 'मला सोरायसिस आहे आणि सांधे दुखताहेत.' तुम्हाला स्वतःला नसेल पण आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला असेल, तर तेही सांगा. २००६ पासून जगभर या आजारासाठी जे निकष वापरले जातात, त्यांत घरातल्या सोरायसिसला, बिघडलेल्या नखांना आणि अख्ख्या सुजलेल्या बोटाला प्रत्येकी एक गुण आहे. हे गुण रक्ताच्या रिपोर्टमधून मिळत नाहीत, तुमच्या सांगण्यातून आणि दाखवण्यातून मिळतात.

पाचवं काम: रिपोर्ट कसे वाचायचे

इथे सर्वांत जास्त माणसं भरकटतात, म्हणून थोडं थांबते.

'आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे, म्हणजे तुम्हाला संधिवात नाही.' हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. आरए फॅक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी रक्तात बघतात. सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये तो बहुतेक वेळा निगेटिव्हच असतो, आणि तो निगेटिव्ह असणं हे उलट या निदानाच्या बाजूने जातं. एके काळी या दोन्ही आजारांना एकच समजायचे. सोरायसिसच्या माणसाला योगायोगाने ऱ्हुमॅटॉइडही झालाय, एवढाच अर्थ काढायचे. ही तपासणी आल्यावर फरक कळायला लागला, १९६४ मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली, आणि १९७३ मध्ये मोल आणि राइट या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी त्याचे पाच प्रकार मांडले: मोजकेच सांधे धरणारा, दोन्ही बाजूंचे बरेच सांधे धरणारा, बोटांच्या टोकांचे सांधे धरणारा, कणा धरणारा, आणि क्वचित दिसणारा, बोटं आखूड करून टाकणारा पाचवा. तुमचा प्रकार बदलूही शकतो, त्यामुळे नावावर अडू नका.

ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या दाह दाखवतात. पण या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत ते नॉर्मल येतात. रिपोर्ट नॉर्मल आणि बोट सुजलेलं, अशा वेळी बोटावर विश्वास ठेवायचा. एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ असू शकतो, झीज दिसायला वेळ जातो. सोनोग्राफी आणि एमआरआय आधी पकडतात. एचएलए-बी२७ ही तपासणी कण्याच्या त्रासात मदतीची आहे, पण ती पॉझिटिव्ह असलेली कितीतरी माणसं आयुष्यभर निरोगी असतात.

युरिक ॲसिडचा घोळ तर घरोघरी आहे. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी भराभर तयार होतात आणि भराभर मरतात, त्यामुळे युरिक ॲसिड थोडं वाढलेलं सापडू शकतं. लगेच गाउटचं, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या संधिवाताचं, लेबल लागतं आणि माणूस डाळ, टोमॅटो, पालक सोडून देतो. गाउट खरा असतो तेव्हा सांधा एका रात्रीत लालभडक होतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. शंका असली तर सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तिथे निकाल लागतो.

महाराष्ट्रात आणखी एक गोंधळ होतो, चिकुनगुनियाचा. २००६ च्या साथीनंतर कितीतरी लोकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत होते, आणि २०२४ मध्ये पुण्यात पुन्हा बरेच रुग्ण निघाले. ताप येऊन गेला असेल तर सांधेदुखी त्याचीच असू शकते. पण ती लांबत चालली, आणि तुम्हाला किंवा घरात कुणाला सोरायसिस असला, तर 'चिकुनगुनियाचं आहे, जाईल हळूहळू' म्हणत वर्ष घालवू नका.

सहावं काम: औषधं समजून घ्या

वेदनाशामक गोळ्या दुखणं आणि सूज कमी करतात, सौम्य आजारात कधी तेवढ्याने भागतंही. पण हाडाची झीज त्या थांबवत नाहीत. जेवणानंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरत्या घ्या. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने आणून खाल्ल्या तर पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिन्हींवर बेततं.

स्टेरॉइडबद्दल नीट ऐका. एक इंजेक्शन किंवा चार दिवस गोळ्या, आणि माणूस नाचायला लागतो. सांध्यात दिलेलं इंजेक्शन तज्ज्ञ कधी कधी वापरतात, ते ठीक. पण पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं की सोरायसिस उसळून येऊ शकतो, कधी कधी अंगभर पुवाचे फोड येतात आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. 'जडीबुटीची' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइडच मिसळलेलं असतं. दोन दिवसांत जादू झाली, भूक वाढली, चेहरा गोल व्हायला लागला, तर ती पुडी घेऊन डॉक्टरांना दाखवा. ओरडतील या भीतीने लपवू नका, कारण तेही एकदम बंद करायचं नसतं.

आता मेथोट्रेक्सेट. बहुतेकांची सुरुवात याच गोळीने होते. स्वस्त आहे, जुनी आहे, त्वचा आणि सांधे दोन्हींवर चालते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतल्याने माणसं दगावली आहेत. २.५, ७.५, १०, १५ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या मिळतात आणि पाकिटं सारखी दिसतात. म्हणून एक वार ठरवा. माझा रविवार. पाकिटावर जाड पेनाने 'फक्त रविवार' लिहा. घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा. वडीलधाऱ्यांच्या गोळ्या सून किंवा मुलगा डबीत भरत असेल, तर त्याला शेजारी बसवून समजावा. याच्या जोडीला दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी असते, दोघींची अदलाबदल होऊ नये म्हणून ती वेगळ्या डबीत ठेवा.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून मी सोडणार होते. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळ होते, ती होत असेल तर रात्री झोपताना घ्यायची की इंजेक्शनने, हे डॉक्टरांना विचारा. रक्ताच्या पेशी आणि यकृताची तपासणी सुरुवातीला वरचेवर आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी करायची, तब्येत छान असली तरी. दारू नको. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला, धाप, नको तिथे काळेनिळे डाग, यातलं काही दिसलं तर त्या आठवड्याची गोळी घेऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा. दुसऱ्या कुणाही डॉक्टरकडे गेलात तर आपण मेथोट्रेक्सेट घेतो हे आधी सांगा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी वगैरे दिलं जाणारं को-ट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक याच्याबरोबर घातक ठरू शकतं.

मूल हवं असणाऱ्या बायकांनी ही गोष्ट पहिल्याच भेटीत बोलावी, सासूबाई किंवा आई सोबत असली तरी. मेथोट्रेक्सेट आणि या आजारातली दुसरी एक गोळी, लेफ्लुनोमाइड, गर्भाला घातक आहेत, ती ठरवून आणि आधीपासून बंद करावी लागतात. गरोदरपणात चालणारे पर्याय आहेत. डॉक्टर विचारतील याची वाट बघू नका.

सल्फासॅलॅझीन, ॲप्रेमिलास्ट, टोफासिटिनिब अशा आणखी गोळ्या आहेत, कुणाला काय चालेल ते तज्ज्ञ ठरवतात. कण्याच्या दुखण्यावर मेथोट्रेक्सेटचा फारसा उपयोग होत नाही, तिथे वेदनाशामक पुरली नाहीत तर बायोलॉजिक इंजेक्शनांकडे जावं लागतं. ती दाहाचा निरोप पोचवणारा एक विशिष्ट रेणू अडवतात. एटानरसेप्टला या आजारासाठी अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली, मग अडालिमुमॅब, सेक्युकिनुमॅब वगैरे आली. २०१४ च्या डिसेंबरमध्ये झायडस या औषध कंपनीने अडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती बाजारात आणली आणि त्यानंतर किमती खाली येत गेल्या. तरीही खर्च मोठा आहे. सुरू करण्याआधी किती महिने, किती इंजेक्शनं, मध्ये थांबवलं तर काय, हे लिहून घ्या. विमा असेल तर बाह्यरुग्ण किंवा डे-केअर इंजेक्शनचे पैसे मिळतात का हे कंपनीकडून लेखी मागा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटा. माझ्या ओळखीच्या एका ताईंना औषधासाठी मदत तिथूनच मिळाली.

इंजेक्शनाआधी क्षयरोगाची तपासणी करायची: छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा रक्ताची चाचणी. आपल्या देशात अनेकांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात, आणि यातली काही औषधं, विशेषतः अडालिमुमॅबच्या गटातली, त्यांना जागं करू शकतात. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणीही याच वेळी होते. लसी राहिल्या असतील तर आधी विचारा, कारण जिवंत जंतूंच्या लसी इंजेक्शनं चालू असताना देत नाहीत. टीबीची चाचणी पॉझिटिव्ह आली तर घाबरायचं नाही, आधी टीबीचं प्रतिबंधक औषध देतात आणि मग इंजेक्शन.

इतर त्वचारोग आणि सांधे

सोरायसिस एकटा नाही. तळहात-तळपायांवर पुवाचे बारीक फोड येणाऱ्यांना छातीच्या वरच्या भागात, गळ्याखालच्या आडव्या हाडाशी (कॉलरबोन) सूज आणि दुखणं होऊ शकतं. ते हृदयाचं समजून ईसीजी काढले जातात. काढावेतच, पण नॉर्मल आल्यावर फोडांचा विषय काढा. काखेत आणि जांघेत वारंवार गळवं होऊन व्रण राहणारा जो आजार आहे, हायड्राडेनायटिस, त्यातही कंबर आणि सांधे धरतात. खूप तीव्र मुरमांतही क्वचित. नियम तोच: त्वचेचं आणि सांध्याचं एकाच डॉक्टरसमोर, एकाच वेळी बोला.

रोजचं जगणं

वजन जास्त असेल तर ते कमी करण्याने औषधाचा गुण वाढतो. हे मी मनाचं सांगत नाही, वजन उतरवलेल्या रुग्णांत औषधं जास्त चांगली लागू पडल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. तंबाखू, मशेरी, सिगारेट बंद. या आजारात हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा बघा. दही, वांगी, आंबट सोडून सांधे बरे होत नाहीत. एखाद्या पदार्थाने तुम्हाला खरंच त्रास होतो असं वहीत दोन-तीनदा दिसलं तर सोडा, नाहीतर जेवणातला आनंद घालवू नका.

सूज असलेल्या दिवशी सांधा जपायचा, बाकीच्या दिवशी हलवायचा. सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून मुठी उघड-मीट केल्या की माझा खडू धरायचा वेळ लवकर येतो. चालणं आणि पोहणं उत्तम. उकिडवं बसणं गुडघ्याला सोसत नसेल तर कमोडची खुर्ची आणा, त्यात कमीपणा नाही. कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवा. बरणीची झाकणं दुसऱ्याकडून उघडून घ्या. वारीला किंवा गडावर जायचं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ते क्वचितच नाही म्हणतात.

थकवा हा आजाराचाच भाग आहे. सूज नसतानाही दुपारी अंग गळून जातं. घरात याला आळस म्हणतात आणि आपणही स्वतःला तेच म्हणतो. वहीत थकव्यालाही एक रकाना ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मन खचत असेल तर तेही सांगा. सोरायसिसमध्ये नैराश्य जास्त आढळतं, आणि त्यावर उपचार आहेत.

घरातल्यांना विचारा

हा आजार रक्ताच्या नात्यात पुढे येण्याची शक्यता असते. मुलांना घाबरवायचं नाही, दर महिन्याला त्यांची नखं तपासत बसायचं नाही. पण मोठ्या भावंडांना एकदा विचारायचं. मागच्या गणपतीत माझा धाकटा भाऊ आरतीला उभा होता आणि सारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होता. जेवणं झाल्यावर मी त्याला विचारलं, 'टाच दुखते का रे?' तो म्हणाला, 'चपला बदलल्या ना, होईल बरी.' मी त्याचा हात उजेडात धरला. अंगठ्याच्या नखावर अकरा खड्डे होते. त्याची अपॉइंटमेंट मीच घेतली, आणि माझी जुनी वही त्याला देऊन टाकली. तिच्यात मागची निम्मी पानं कोरी होती.